सुयांच्या गावचं बेअरिंग

हार्ले-डेव्हिडसनच्या 'इव्होल्यूशन' इंजिनाचं उजव्या बाजूचं नाकाडं झाकण उघडलं, की दातेरी चाकासकट कॅम दिसतो. तो बाहेर ओढला, की क्रँककेसच्या भिंतीत रुतलेलं एक पोलादी कडं नजरेस पडतं. व्यास दहा रुपयांच्या नाण्याएवढा, रुंदी अर्धा इंच, आतल्या अंगाला बारीक पोलादी सुयांची रांग. किंमत काही डॉलर. पण ते फुटलं तर सुयांचा चुरा तेलाबरोबर पंपात जातो आणि १३४० सीसीचं इंजिन पुरतं उघडण्याची वेळ येते. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या हार्लेवाल्यांमध्ये एक रिवाज रुजला. नव्या गाडीतलं नवं बेअरिंग काढायचं आणि त्या जागी जुन्या पद्धतीचं बसवायचं, तेही शोरूममध्ये न जाता, घराशेजारच्या गॅरेजमध्ये, शनिवार-रविवारच्या सुटीत. या रिवाजाची मुळं दीडशे वर्षं मागे, शिलाई मशीनच्या सुया बनवणाऱ्या एका गावापर्यंत जातात.

कॅमचं काम सांगायला सोपं, पण सोसायला अवघड. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो, आणि त्या एका फेरीत आपल्या उंचवट्यांनी टॅपेट उचलून ठरल्या क्षणी व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्याला सतत उलट ढकलत असतात. म्हणजे कॅमच्या दांड्यावर पडणारा भार एकसारखा नसतो, तो ठोके देत येतो. हा भार कुठेतरी टेकवावा लागतो. आधी त्यासाठी कांशाचा बुश असायचा, पुढे बेअरिंग आलं. तो आधार किती सैल, किती सरळ आणि किती सहज बदलता येण्याजोगा, यावर इंजिनाचं आयुष्यही ठरतं आणि ते दुरुस्त करणाऱ्याच्या खोक्यात कोणती हत्यारं असणार, हेही.

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात वॉलकॉटव्हिल नावाचं गाव होतं. तिथे १८६६ साली 'एक्सेल्सियर नीडल कंपनी' सुरू झाली. शिलाई मशीन तेव्हा घरोघरी पोचत होतं आणि सुयांच्या मागणीला तोटा नव्हता. जुन्या पद्धतीत सुईचा दांडा घासून-कापून बारीक करत. या कंपनीने फिरत्या डायमध्ये तार थंडच ठोकून बारीक करण्याची रीत वापरली. धातू कापला जात नसे, दबून लांब होई, त्यामुळे माल वाया जात नसे आणि सुई मजबूत होई. पुढे गावाचं नाव बदलून टॉरिंग्टन झालं आणि कंपनीनेही तेच नाव घेतलं. सायकलचं वेड आलं तेव्हा तिने चाकाच्या तारा, पेडल आणि हँडलही बनवले. बारीक पोलादी तुकडा अगदी मापात आणि लाखोंच्या संख्येने कसा काढायचा, हे त्या गावच्या हाताला तोवर पुरतं ठाऊक झालं होतं.

१९३०च्या दशकात ही हातोटी वेगळ्या कामी आली. टॉरिंग्टनने पातळ पोलादी पत्र्याची वाटी ओढून तिच्यात सुयांसारखे लांबट रोलर भरले, आणि सुया बाहेर पडू नयेत म्हणून वाटीच्या कडा आत वळवल्या. बॉल बेअरिंगला जाडजूड आतलं-बाहेरचं कडं लागतं, इथे ते लागत नव्हतं. बेअरिंग इतकं कमी जागा घेई, की जिथे कांशाचा बुश बसायचा त्याच भोकात थोड्या फेरफाराने ते सामावे. किंमतही कमी होती. फक्त एक अट होती. पातळ कवचाला स्वतःची गोलाई टिकवता येत नाही, ते ज्या भोकात दाबून बसवलं जातं त्या भोकाची गोलाई घेतं. भोक वाकडंतिकडं असेल किंवा कवच तिरपं घुसलं, तर बेअरिंग पहिल्याच दिवशी बिघडलेलं समजावं. आणि एकदा दाबून बसवलेलं बेअरिंग ओढून काढलं की ते पुन्हा वापरण्याजोगं राहत नाही. घरी बसून हे काम करणाऱ्यांची सारी कसरत पुढे या दोन गोष्टींभोवतीच फिरत राहिली.

कंपनीच्या क्रमांकातही हिशेब होता. हार्लेच्या मोठ्या इंजिनात बसणाऱ्या बेअरिंगला 'बी-१३८' म्हणत. त्यातला १३ म्हणजे आतल्या भोकाचं माप, सोळांश इंचात. शेवटचा ८ म्हणजे रुंदी, तीही सोळांशातच. म्हणजे १३/१६ इंचाचा दांडा आणि अर्धा इंच रुंदी. पुस्तक न उघडता नुसत्या आकड्यावरून माप कळायचं आणि हार्लेच्या शिक्क्याऐवजी कोणत्याही बेअरिंगच्या दुकानातून तोच माल घेता यायचा. पुढच्या गोष्टीत हा साधा आकडा फार उपयोगी पडला.

सुयांचं बेअरिंग येण्याआधी कॅमच्या बुशाचं काम हा खास फिटरचा प्रांत होता. १९३६ साली हार्लेने 'नकलहेड' इंजिन आणलं, त्यात दोन्ही सिलिंडरांचे चारही व्हॉल्व्ह एकाच कॅमवर चालत. कॅमची टोकं बुशांत फिरत. बुश झिजला की जुना काढून नवा ठोकायचा, पण तेवढ्यावर काम संपत नसे. नवा बुश बसताना किंचित आवळतो, म्हणून त्यातून रीमर फिरवावा लागे. तो रीमर समोरच्या भोकाच्या रेषेत धरला नाही, तर कॅम तिरपा बसे. त्यासाठी झाकण क्रँककेसवर कसून, एका बाजूच्या भोकातून दांडा घालून दुसऱ्या बाजूचा बुश रेषेत रीम करण्याची रीत होती. ज्याच्याकडे असा लांब दांड्याचा रीमर, त्याच्याकडे गावातली इंजिनं. बाकीच्यांनी फक्त टॅपेट ॲडजस्ट करायचे.

इंग्लंडात हीच अडचण वेगळ्या रूपात होती. एडवर्ड टर्नरने आखलेली ट्रायम्फची 'स्पीड ट्विन' १९३७ साली बाजारात आली. तिच्या पुढच्या-मागच्या दोन कॅमशाफ्टची डावीकडची टोकं क्रँककेसच्या बंद भोकात बसवलेल्या बुशांत फिरत. बंद भोक म्हणजे मागून ठोकायला जागाच नाही. ट्रायम्फच्या मॅन्युअलमध्ये यावर दिलेली युक्ती ऐकून आजही मिस्त्री हसतात, पण ती चालते. बुशाच्या आत मोठा टॅप घालून आटे पाडायचे. त्या आट्यांत बोल्ट घट्ट बसवायचा आणि तो बाइसमध्ये धरायचा. मग ॲल्युमिनियमची अर्धी क्रँककेस तापवायची आणि चामडी हातोड्याने हळूहळू ठोकत बुशावरून ती केसच मागे सरकवायची. बुश जागेवर राहतो, इंजिन निघून येतं. ॲल्युमिनियम तापलं की कांशापेक्षा जास्त फुगतं, एवढ्या एका गोष्टीवर ही सारी करामत उभी आहे.

तापवण्याची युक्ती पुढे सगळ्या बेअरिंगांना लागू पडली. केस उष्ण हवेच्या गनने तापवायची, नवं बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवायचं. दोन्ही बाजूंनी काही शतांश मिलिमीटरचा फरक पडला, तरी ठोकायचं ते हलक्या हाताने ढकलायचं होतं.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस हार्लेने आपल्या मोठ्या इंजिनांत कॅमच्या आतल्या टोकाला सुयांचं बेअरिंग घातलं. बाहेरच्या टोकाला झाकणात बुश राहिला. कॅम एका टोकाला सुयांवर आणि दुसऱ्या टोकाला कांशावर, अशी ही जोडी पुढे चार दशकं चालली. तेव्हाचं 'पॅनहेड' गेलं, १९६६ साली 'शोव्हलहेड' आलं, १९७० साली झाकणाचा आकार बदलून त्याला पुढे नाक आलं, पण आतलं बेअरिंग तेच राहिलं. बेअरिंग क्रँककेसच्या भिंतीत असल्याने त्याच्या मागे थेट फ्लायव्हीलची जागा येते. मागून ठोकून काढायचं तर इंजिन फ्रेममधून उतरवून दोन्ही केसा वेगळ्या कराव्या लागतात. पुढून ओढायचं तर पकडायला जागा नाही, कारण पकडायची कड आतल्या बाजूला असते. घरच्या दुरुस्तीच्या साऱ्या हत्यारांचा जन्म या पकडीच्या प्रश्नातून झाला.

या हत्यारांना तेव्हा गिऱ्हाईकही तयार होत होतं. १९६९ साली हार्ले-डेव्हिडसन 'एएमएफ' या कंपनीच्या हाती गेली आणि पुढची बारा वर्षं तिच्या गाड्यांच्या कारागिरीबद्दल तक्रारी वाढल्या. १९८१ साली कंपनीतल्याच तेरा अधिकाऱ्यांनी ती परत विकत घेतली, पण तोवर मालकांना एक सवय लागली होती. गाडी घेतली की तिच्यात काही ना काही स्वतः सुधारायचं, असं ते गृहीतच धरत. या सवयीवर एक अख्खी बाजारपेठ उभी होती. जॉर्ज स्मिथ आणि स्टॅन्ली स्टँकोस यांनी १९५८ साली 'एस अँड एस' सुरू केली. हार्लेसाठी हलके पुशरॉड हा तिचा पहिला माल. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचे डीलर टॉम सिफ्टन वेगळ्या आकाराचे कॅम घासून विकत. नवा कॅम घेतला की आतलं बेअरिंगही बदलायला हवं, असं पावतीबरोबरच सांगितलं जाई. मोटरसायकल शर्यतपटू आणि प्रकाशक फ्लॉइड क्लायमर यांच्या नावाची दुरुस्ती-पुस्तकं दुकानांत मिळत. त्यांतली काळी-पांढरी छायाचित्रं पाहत ऑफिसातला कारकूनही इंजिन उघडायला धजावायचा.

१९८४ सालच्या 'इव्होल्यूशन' इंजिनाने हार्लेला सावरलं. ॲल्युमिनियमचे सिलिंडर, कमी गळती, जास्त भरवसा. पण १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्याने आतलं कॅम बेअरिंग बदललं. टॉरिंग्टनच्या ठिकाणी 'आयएनए'चं बेअरिंग आलं. नाव नवं असलं तरी ते हलक्या घराण्यातलं नव्हतं. विल्हेल्म आणि गेऑर्ग शेफलर या भावांनी १९४६ साली जर्मनीतल्या हर्त्सोगेनआउराख गावी ही कंपनी सुरू केली. याच छोट्या गावातून पुढे आदिदास आणि पुमा हे बुटांचे कारखानेही निघाले. गेऑर्ग शेफलर यांनी १९४९च्या सुमारास सुयांसाठी पिंजरा बनवला, म्हणजे प्रत्येक सुईला आपापली खिडकी. त्याआधीच्या बेअरिंगात सुया एकमेकींना चिकटून असत. फिरताना त्या एकाच दिशेने लोळत, त्यामुळे दोन सुया जिथे भिडतात तिथे त्यांचे पृष्ठभाग उलट दिशांना घासत. पिंजऱ्याने हे घर्षण संपलं. सुया तिरप्या होईनाशा झाल्या आणि तेलाला वाट मिळाली. वेगवान यंत्रांसाठी ही मोठी प्रगती होती आणि जर्मन मोटारींनी ती लगेच उचलली.

हार्लेच्या कॅमच्या खोबणीत मात्र हीच प्रगती अंगाशी आली. पिंजऱ्याच्या आडव्या पट्ट्यांना जागा लागते, म्हणून तेवढ्याच कड्यात सुया कमी बसतात. कॅम वेगात फिरत नाही. इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर असताना तो अडीच हजारांवर असतो. या जागी वेगापेक्षा भार मोठा, आणि तोही ठोक्याठोक्याने येणारा. तिथे जास्त सुया हव्यात, पिंजरा नको. मालकांनी मोठ्या व्हॉल्व्ह-लिफ्टचे कॅम आणि कडक स्प्रिंगा घालायला सुरुवात केली, तसा पिंजरा तुटून सुया सुटल्याच्या कहाण्या वाढल्या. हार्लेच्या गावात, मिलवॉकीत, आणि त्याच्या बाहेरही, कॅम बदलताना आयएनए काढून टॉरिंग्टन घालणं हा अलिखित नियमच झाला. टॉरिंग्टनचे आकडे साधे असल्यामुळे ते कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात 'बी-१३८' म्हणून मागता येई.

घरी हे काम कसं चाले, ते पायरीपायरीने पाहण्यासारखं आहे. आधी गाडी सरळ उभी करून पुढचं चाक घट्ट धरायचं. मग टॅपेट आणि रॉकर यांच्यामधून पुशरॉड मोकळे करायचे. पुस्तकाप्रमाणे रॉकर बॉक्स उघडून पुशरॉड वरून काढायला हवेत. पण फ्रेममध्ये जागा इतकी कमी, की त्यासाठी पेट्रोलची टाकी उतरवून बराच उपद्व्याप करावा लागे. कॅम बदलणारे सरळ बोल्ट कटर घेत आणि जुने पुशरॉड मधोमध कापून दोन तुकड्यांत बाहेर काढत. त्यांच्या जागी लांबी कमी-जास्त करता येणारे पुशरॉड बसत. शंभर डॉलरचे पुशरॉड कापून आठ तासांचं काम चार तासांवर आणणं, हा व्यवहार सगळ्यांना पटत असे.

झाकणाच्या टोकाला इग्निशनचं छोटं कव्हर असतं. ते कारखान्यातून रिव्हेट मारून येई, म्हणून आधी रिव्हेट ड्रिलने उडवायचे. त्यानंतर झाकण उघडून कॅम बाहेर. कॅमच्या दातेरी चाकावर आणि क्रँकच्या पिनियनवर खुणा असतात. त्या समोरासमोर आणूनच कॅम काढायचा, म्हणजे परत बसवताना व्हॉल्व्हची वेळ चुकत नाही. खुणा न पाहता कॅम ओढणाऱ्याचं पुढचं काम दुप्पट होई.

आता बेअरिंग. क्रँककेसच्या पोटात कचरा जाऊ नये म्हणून शेजारच्या सगळ्या भोकांत ग्रीस लावलेली फडकी कोंबायची. ही खबरदारी अनुभवातून आली होती. ओढताना कवच फाटलं तर सुया बेअरिंगच्या मागे, थेट फ्लायव्हीलच्या घरात पडू शकतात, आणि तिथे पडलेली सुई काढायला इंजिन उघडावं लागतं. सुरुवातीला लोक स्लाइड हॅमर वापरत. त्याच्या टोकाला बारीक पंजे असतात, ते बेअरिंगच्या आतून मागच्या कडेत अडकवायचे आणि दांड्यावरचं वजन मागे आपटायचं. पातळ कवच त्या झटक्यांनी फाटायचं. दुसरी रीत म्हणजे चिरलेलं कॉलेट. हे फुलणारं नळकांडं बेअरिंगच्या आत घालायचं, मधून खिळा घालून त्याच्या कडा फुलवायच्या, मग बाहेरच्या चौकटीवर टेकलेल्या स्क्रूने ते सावकाश, एकसारखं ओढायचं. झटका नाही, आवाज नाही, दोन-चार आट्यांत बेअरिंग हातात. कॅलिफोर्नियातल्या 'जिम्स'सारख्या हत्यार बनवणाऱ्यांनी नेमक्या याच मापाचे पुलर बाजारात आणले. त्याआधी अनेक घरांत हेच काम आटे पाडलेल्या सळईने, जाड वॉशरांनी आणि लेथवर कातून घेतलेल्या कॉलेटने चाले.

बसवण्याचं हत्यार काढण्याच्या हत्याराइतकंच महत्त्वाचं. ओढून बनवलेल्या कवचाच्या एका बाजूला क्रमांक कोरलेला असतो. ती बाजू जाड आणि कडक ठेवलेली असते, म्हणून जोर तिच्यावरच द्यायचा. मऊ बाजूवर ठोकलं तर कड आत वळते आणि सुया अडकतात. चांगल्या ड्रायव्हरला बेअरिंगच्या आतल्या भोकात बसणारं नाक असतं, त्यामुळे ते सरळ जातं, आणि एक खांदा असतो, तो केसला टेकला की नेमक्या खोलीवर थांबतो. गरम केस, गार बेअरिंग, सुयांना असेंब्ली ल्यूब. मग कॅम घालून हाताने फिरवून पाहायचा. त्याने अडखळू नये आणि मोकळाही वाजू नये.

शेवटी मोजमाप. कॅमच्या मागे वॉशर असतात, त्यांची जाडी बदलून कॅमची पुढे-मागे होणारी हालचाल ठरवायची. झाकण कसून फीलर गेज घालून ती तपासतात. दातेरी चाकांचा मेळही पाहावा लागतो. हार्लेने ती वेगवेगळ्या किंचित फरकाच्या मापांत बनवून रंगांनी ओळख ठेवली होती. फार घट्ट बसलं तर चाक शिट्टी मारतं, फार सैल असेल तर खडखडतं. नवे पुशरॉड लावल्यावर हायड्रॉलिक टॅपेटमधलं तेल निथळेपर्यंत थांबायचं. तोपर्यंत इंजिन फिरवलं तर व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि पिस्टनला धडकू शकतात. घाईत हा अर्धा तास वाचवणाऱ्यांना नंतर पूर्ण वरचं इंजिन उघडावं लागे.

१९९९ सालच्या मॉडेलांत हार्लेने 'ट्विन कॅम' इंजिन आणलं. एकाऐवजी दोन कॅम, दातेरी चाकांऐवजी साखळी. कॅमची बाहेरची टोकं आता वेगळ्या प्लेटमध्ये बेअरिंगांवर बसत आणि आतली टोकं पुन्हा क्रँककेसमधल्या सुयांच्या बेअरिंगांवर. म्हणजे घरच्या फिटरला आता एकाच्या जागी दोन बेअरिंगं ओढायची आणि प्लेटमधले कॅम काढायला प्रेस हवा. त्यातच साखळीला ताण देणारे प्लॅस्टिकचे बूट झिजून त्यांची भुकटी तेलात जाऊ लागली. त्यामुळे २००६पर्यंतच्या गाड्यांत कॅमचा कप्पा उघडणं हे नेहमीचं देखभालीचं काम झालं. काहींनी साखळी फेकून गिअर-ड्राइव्ह बसवले, पण त्याआधी क्रँकच्या टोकाचा डगमग हजारांश इंचात मोजावा लागे. २००७च्या मॉडेलांपासून हार्लेने हायड्रॉलिक टेन्शनर आणि वेगळी साखळी दिली आणि प्लेटमधली बाहेरची बेअरिंगंही काढून टाकली. कॅम आता थेट प्लेटमध्ये फिरू लागला. क्रँककेसमधली सुयांची बेअरिंगं तशीच राहिली, आणि ती बदलण्याची घरगुती पद्धतही.

जपानने हा प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने घेतला. १९६९ सालच्या होंडा सीबी७५०मध्ये कॅम सिलिंडर हेडवर गेला आणि तिथे तो ॲल्युमिनियमच्या धारकांतच फिरे. बदलण्यासारखं वेगळं बेअरिंग नाही. तेलाचा दाब असेपर्यंत झीज नाही, पण झीज झाली तर ते धारक किंवा हेडच बदलायचं. कावासाकीने १९७२ सालच्या झेड१मध्ये कॅमखाली मोटारीच्या इंजिनासारख्या पातळ शेलच्या बेअरिंगांची सोय ठेवली. कॅमच्या टोप्या उघडल्या की अर्धवर्तुळाकार शेल बोटांनी उचलून नवे बसवता येत. पुलर नाही, हीट गन नाही. तीच दुरुस्ती एका गाडीत बोटांनी आणि दुसरीत हेड बदलून, हा फरक कारखान्याच्या कागदावरच ठरलेला होता.

भारतात या साऱ्याचे धागे वेगळे होते. मद्रासला १९५५पासून बनू लागलेल्या बुलेटमध्ये कॅमला बेअरिंग नसायचंच. कॅमची दातेरी चाकं क्रँककेसमध्ये दाबून बसवलेल्या पोलादी स्पिंडलवर फिरत. स्पिंडल झिजला की लेथवाल्याकडे जायचं, त्याने जाड स्पिंडल काढून द्यायचा, असा पिढ्यान्‌पिढ्या चाललेला मामला होता. १९८५ साली हिरो होंडाची सीडी१०० आली आणि चार-स्ट्रोक इंजिनांचा ओव्हरहेड कॅम गल्लोगल्लीच्या गॅरेजात पोचला. २००१ साली पुण्याच्या बजाजने आणलेल्या पल्सरमध्ये कॅम दोन बॉल बेअरिंगांवर फिरतो. आवाज वाढला की मिस्त्री कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकतो, हेडचं झाकण काढतो आणि कॅम-बेअरिंगची जोडी बदलतो. इथे बेअरिंग दांड्यावरच असल्याने कॅमबरोबर ते बाहेर येतं आणि पकडीचा प्रश्नच उरत नाही. पुण्याचं या धंद्याशी नातं आणखी जवळचं आहे. चिंचवडला एसकेएफचा कारखाना आहे, तळेगावला आयएनएच्या परिवाराचा, आणि त्या जर्मन घराण्याच्या शेफलर इंडियाचं मुख्यालय पुण्यातच आहे. हार्लेच्या खोबणीतून जे बेअरिंग अमेरिकन मालकांनी बाहेर काढलं, त्याच घराण्याचा माल या कारखान्यांतून मोटारी आणि ट्रकांसाठी निघतो, आणि तिथे तो नावाजलेला आहे.

हार्लेच्या मालकांना एक दुसरी काळजीही असे. बाहेरून आणलेलं बेअरिंग घातलं, तर वॉरंटीचं काय? अमेरिकेत १९७५ सालच्या मॅग्नसन-मॉस कायद्याने कंपनीच्याच सुट्या भागांची सक्ती करून वॉरंटी बांधण्याला मनाई केली होती, तरी प्रत्यक्षात कंपन्यांच्या कागदांची भाषा तसा धाक घालत राहिली. जून २०२२मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हार्ले-डेव्हिडसनवर याच कारणासाठी कारवाई केली आणि वॉरंटीमध्ये बाहेरच्या सुट्या भागांबद्दलचा मजकूर बदलायला लावला. तोवर घरोघरच्या गॅरेजांतून असंख्य टॉरिंग्टन बेअरिंगं बसून झालेली होती, आणि जी चाललीत ती आजही चालताहेत.

मध्यंतरी टॉरिंग्टन कंपनीही हातोहात गेली. १९६८ साली ती इंगरसोल-रँडकडे आली, २००३ साली टिमकेनने घेतली, आणि काही वर्षांतच सुयांच्या बेअरिंगांचा हा धंदा जपानच्या जेटेक्टकडे, म्हणजे कोयोच्या घराण्यात गेला. २०१७च्या मॉडेलांपासून आलेल्या 'मिलवॉकी-एट' इंजिनात हार्ले पुन्हा एका कॅमवर आली, आणि त्याच्या आतल्या टोकाला अजूनही सुयांचं बेअरिंग आहे. कॅम बदलणाऱ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या किटमध्ये आजही पिंजरा नसलेलं, सुयांनी गच्च भरलेलं बेअरिंग येतं. खोक्यावर शिक्का कोयोचा असला, तरी मागणी करताना बरेच जण टॉरिंग्टन म्हणूनच मागतात, आणि त्या किटशेजारी शेल्फवर फुलणाऱ्या कॉलेटचा पुलर ठेवलेला असतो.